रूट बंद होतो तो शेवटच्या प्रसंगाच्या खूप आधी

प्रौढांसाठीच्या रोमान्स व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं, संवाद आणि निवडींतून पुढे सरकणाऱ्या कथांचे गेम, खेळणाऱ्यांची एक तक्रार कायम ऐकू येते. शेवटच्या प्रसंगात उत्तर बरोबर दिलं, त्याआधीही त्या पात्राशी नीट वागलो, तरी ती दाराशी उभी राहून "आपण मित्रच राहू या" म्हणाली आणि श्रेयनामावली सुरू झाली. मग शेवटचा सेव्ह पुन्हा लोड करायचा, दुसरा पर्याय घ्यायचा, मग तिसरा, आणि दर वेळी तेच ऐकायचं. अशा वेळी चूक उत्तरात नसते, शोधण्याच्या जागेत असते. तो शेवट दोन-तीन तास आधीच, एखाद्या किरकोळ वाटणाऱ्या संवादात ठरून गेलेला असतो. अशा जागा ओळखता येणं आणि त्यांच्या आधी सेव्ह ठेवणं, एवढं जमलं की या प्रकारातला जवळपास कुठलाही गेम उलगडतो.

आधी रचना समजून घेऊ. रूट म्हणजे कथेची एक वाट. सुरुवातीला असतो सामाईक रूट, म्हणजे सगळी पात्रं भेटतात तो भाग. त्याच्या शेवटाजवळ एक कुलूप असतं. तिथे गेम तुमचा आतापर्यंतचा हिशेब पाहतो आणि एका पात्राच्या रूटवर पाठवतो. त्या रूटच्या आत पुन्हा दोन-तीन फाटे असतात आणि त्यांतून चांगला, साधा किंवा वाईट शेवट निघतो. काही गेममध्ये सगळे रूट संपल्यावरच उघडणारा एक खरा शेवटही असतो. ही पद्धत जुनी आहे. जपानच्या चुनसॉफ्टने १९९२ मध्ये 'साउंड नॉव्हेल' नावाने फाटे फुटणारी वाचनाची कथा बाजारात आणली, आणि १९९६ मध्ये लीफ या कंपनीने आपल्या मालिकेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' असं नाव दिलं. आज जगभर एकेकटे लेखक-चित्रकारही असे गेम बनवतात, पण सामाईक रूट, कुलूप, पात्राचा रूट हा सांगाडा फारसा बदललेला नाही.

फाटे पाहून घाबरायचं कारण नाही. दोन पर्यायांच्या १२ निवडी असल्या तर कागदावर ४,०९६ वाटा होतात. एवढं कुणी लिहीत नाही. बहुतेक निवडींनंतर चार-सहा वाक्यं वेगळी येतात आणि कथा पुन्हा मूळ प्रवाहाला मिळते. मागे उरतो तो एक आकडा किंवा एक खूण. लेखकाने खरोखर वेगळे लिहिलेले रूट तीन ते सहा असतात आणि शेवट त्यांच्या दुप्पट-तिप्पट.

निवडी ओळखायला शिका, कारण सगळ्या सारख्या वजनाच्या नसतात. काही नुसत्या रंगापुरत्या असतात: चहा की कॉफी, विनोद करायचा की गप्प बसायचं. त्यांनी पुढे काहीच बदलत नाही. काही निवडी गुण देतात, म्हणजे एखाद्या पात्राच्या जिव्हाळ्याच्या आकड्यात एक किंवा दोनची भर घालतात. काही खूण ठेवतात, म्हणजे 'रात्रीचा फोन उचलला' किंवा 'तिच्या भावाबद्दल खोटं बोललो' अशी हो-नाहीची नोंद. आणि एखाद-दुसरी निवड थेट कुलूप लावते. यांत सगळ्यात फसवी असते ती खूण. गुण कमी पडले तर दुसरीकडे भरून काढता येतात. खूण लागायची राहिली की राहिलीच. वाईट शेवटांचा माग काढला तर बऱ्याचदा अशी एकच न लागलेली खूण सापडते, आणि ती निवड त्या वेळी अगदी बिनमहत्त्वाची वाटलेली असते. एखादं पात्र स्वतःबद्दल काही सांगत असेल, एखादी वस्तू हातात देत असेल, किंवा "कुणाला सांगू नकोस" म्हणत असेल, तर त्या प्रसंगातली निवड खुणेची आहे असं धरून चालावं.

वेळेची मर्यादा असलेल्या निवडी वेगळ्या. पर्यायांखाली पट्टी कमी होत जाते आणि काहीच निवडलं नाही तर तीही निवडच धरली जाते. चांगले लेखक गप्प राहण्यालाही स्वतंत्र संवाद देतात, म्हणून अशा जागी एकदा मुद्दाम वेळ जाऊ देऊन पाहावं.

आता गुणांचा हिशेब, कारण खरी गडबड इथे होते. समजा सामाईक रूटमध्ये तीन पात्रांना मिळून ८ गुण वाटायच्या जागा आहेत आणि कुलूप उघडायला एका पात्राचे ५ लागतात. सगळ्यांशी गोड वागणारा खेळाडू ३, ३, २ असे वाटतो आणि कुणाच्याच रूटवर जात नाही. त्याच्या वाट्याला मैत्रीचा किंवा एकटेपणाचा शेवट येतो. हा गेमचा दोष नाही. ज्याने कुणालाच निवडलं नाही, त्याची गोष्ट लेखकाने तशीच लिहिली आहे. म्हणून पहिल्या दोन-तीन प्रसंगांत कुणाकडे ओढ वाटते ते ठरवा आणि मग त्या एकाच पात्राबरोबर वेळ घालवा. संध्याकाळी कुठे जायचं असा प्रश्न आला की ती जिथे असेल तिथेच जायचं.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. कुलपाला ५ पुरतात, पण चांगल्या शेवटाला एकूण ९ लागतात असं बऱ्याच गेमचं असतं. सामाईक रूटमध्ये एका पात्राचे जास्तीत जास्त ६ मिळू शकत असतील आणि तिच्या स्वतःच्या रूटमध्ये ५, तर एकूण होतात ११. जेमतेम ५ घेऊन रूटवर गेलात तर पुढच्या पाचपैकी चार निवडी बरोबर याव्या लागतात. ६ घेऊन गेलात तर तीन पुरतात. रूट मिळाला म्हणून खेळाडू निर्धास्त होतो, एक-दोन ठिकाणी चुकतो आणि शेवटी आठवर अडकतो. अशा वेळी शेवटाजवळचे सेव्ह कितीही उलटेपालटे केले तरी उपयोग नसतो, कारण हरवलेला गुण रूटच्या आधीच्या निवडींत किंवा सामाईक रूटमध्ये आहे.

दोन पात्रांचे गुण सारखे झाले तर काय होतं, हेही माहीत असावं. बहुतेक गेममध्ये आतला कोड एकामागून एक अटी तपासतो आणि जी आधी खरी ठरते तिकडे पाठवतो. म्हणजे बरोबरी झाली तर जिचं नाव कोडमध्ये आधी लिहिलेलं तिचा रूट. एखाद्या पात्राचा रूट विनाकारण गळ्यात पडतो आहे असं वाटलं तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. इलाज सोपा: हव्या असलेल्या पात्राला एक गुण जास्त मिळेल असं पाहा, किंवा दुसरीचा एक कमी करा.

सेव्ह कुठे, कसे

पाश्चात्त्य आणि स्वतंत्र निर्मात्यांचे बहुसंख्य गेम रेनपाय या मोफत, मुक्तस्रोत इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, बनतात. ते २००४ पासून आहे, म्हणून पुढचे तपशील त्याचे देतो. दुसऱ्या इंजिनांत कळा बदलतील, पद्धत तीच राहील.

रेनपायच्या नेहमीच्या सेव्ह पडद्यावर एका पानावर सहा स्लॉट असतात, तीनच्या दोन ओळी. पानाच्या वरच्या नावावर क्लिक केलं की ते बदलता येतं. निर्मात्याने पडदा नवा बनवला नसेल तर ही सोय असतेच, पण ती फार थोडे लोक वापरतात. पहिल्या पानाला 'सामाईक' नाव द्या, पुढच्या प्रत्येक पानाला एका पात्राचं. पर्याय पडद्यावर दिसत असताना, निवडण्याच्या आधी सेव्ह करा, म्हणजे छोट्या चित्रात प्रश्नच दिसतो आणि नंतर शोधावं लागत नाही. निवड होऊन बराच वेळ गेल्यावर केलेला सेव्ह फाटा शोधायच्या कामाचा नसतो.

आपोआप होणाऱ्या सेव्हवर विसंबू नका. रेनपाय निवडीच्या वेळी स्वतः सेव्ह करतं, पण त्याचे मूळ सेटिंगमधले स्लॉट फक्त दहा. अकरावा आला की सगळ्यात जुना जातो. क्विक सेव्हचंही तसंच. तीन तास आधीचं कुलूप तिथे सापडणार नाही.

कुलूप जवळ आल्याची चिन्हं दिसतात. सगळी पात्रं एकत्र जमतात असा मोठा प्रसंग, त्यानंतर कुणाबरोबर जायचं असा सवाल, किंवा पडद्यावर एकाच पात्राचं नाव मिरवणारं नवं प्रकरण. अशा प्रसंगाच्या आधीचा सेव्ह कधीही पुसू नका. आणि त्याच्याही आधीचा, सामाईक रूटच्या पहिल्या निवडीचा, एक कायमचा ठेवा. हे दोन सेव्ह हाताशी असले की पुढचे सगळे रूट परत करायला निम्म्याहून कमी वेळ लागतो.

मागे जायची सोयही आहे. माउसचं चाक वर फिरवलं किंवा पेज अप दाबलं की कथा मागे सरकते, आणि निवडीपर्यंत पोचलात की नवा पर्याय घेता येतो. गुण आणि खुणाही त्याबरोबर मागे जातात, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. मर्यादा मूळ सेटिंगमध्ये शंभर पावलांची असते. हा इतिहास सेव्ह फाइलमध्येही साठतो, म्हणून निवड झाल्यावर लगेच केलेला सेव्ह लोड करूनही थोडं मागे जाता येतं. काही निर्माते ही सोय मुद्दाम बंद ठेवतात. गेम सुरू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच चाक फिरवून तपासा.

स्किप हेच मोजमापाचं साधन

कंट्रोल दाबून धरलं की मजकूर भराभर पुढे जातो, टॅब दाबलं की स्किप चालू राहतं. सेटिंगमध्ये स्किपखाली तीन गोष्टी असतात: न वाचलेला मजकूर, निवडीनंतर, आणि दृश्यबदल. पहिली बंद ठेवा. काहीही झालं तरी बंदच ठेवा. दुसरी चालू करा, म्हणजे निवड केल्यावर स्किप थांबत नाही.

पहिली बंद ठेवण्याचं कारण नुसतं नवे संवाद निसटू नयेत एवढंच नाही. दुसऱ्या फेरीत तुम्ही वेगळा पर्याय घेऊन स्किप चालू केलं की ते नव्या वाक्यापाशी आपोआप थांबतं. थांबलं ती जागा म्हणजे तुमच्या निवडीचा परिणाम. दोन-तीन वाक्यं नवी निघाली आणि पुन्हा स्किप सुरळीत चाललं, तर निवड एक तर रंगापुरती होती किंवा तिने गुपचूप गुण दिला. आणि एखाद्या निवडीनंतर लगेच काही नवं आलं नाही, पण तासाभराच्या मजकुरानंतर अचानक स्किप थांबलं, तर तुम्हाला खूण सापडली. वही घेऊन तीन रकाने करा: निवड, घेतलेला पर्याय, स्किप कुठे थांबलं. एका पात्राचा रूट पुरा होईपर्यंत गेमचा नकाशा त्या वहीत उतरलेला असतो. तयार वॉकथ्रू, म्हणजे कुठे काय निवडायचं त्याची यादी, पाहण्यापेक्षा हे मला कितीतरी समाधानाचं वाटतं, कारण लेखकाने कुठल्या वागण्याला मोल दिलं आहे ते यातून कळतं.

वॉकथ्रूला माझा विरोध नाही, पण पहिल्या फेरीत तो नको. रोमान्सच्या गेममध्ये उत्तरपत्रिका समोर ठेवली की पात्र माणूस राहत नाही. पहिली फेरी मनाला पटेल तशी खेळा, मिळेल तो शेवट स्वीकारा. दुसरीपासून वही उघडा. दोन फेऱ्यांनंतरही एखादी खूण सापडत नसेल तर तेवढ्यापुरता वॉकथ्रू पाहा, आणि पाहताना गेमची आवृत्ती जुळते का ते आधी तपासा.

दुसऱ्याने दिलेले पूर्ण झालेले सेव्ह मात्र घेऊ नका. रेनपायच्या सेव्ह फाइलमधून संगणकावर कोड चालवता येतो, म्हणूनच त्याच्या नव्या आवृत्त्या परक्या यंत्रावरची फाइल लोड करताना इशारा देतात. तो इशारा गांभीर्याने घ्या.

प्रौढ प्रसंगांबद्दल

जवळिकीचे प्रसंग बहुतेक वेळा दुहेरी अटीवर उघडतात: ठरावीक गुण आणि एक विशिष्ट खूण. नुसते गुण वाढवून ते मिळत नाहीत. चांगल्या गेममध्ये ती खूण विश्वासाची असते, म्हणजे आधी कुठे तरी तिने "आज नको" म्हटलं तेव्हा तुम्ही ते ऐकलं का, याची. घाईचा पर्याय घेतला की प्रसंग लगेच मिळतो आणि रूट पुढे कोसळतो, असं लिहिणारे लेखक मला मनापासून आवडतात. उलट, नकार मोडून काढणाऱ्या पर्यायाला जास्त गुण देणारा गेम असेल तर तो रोमान्स म्हणून वाईट लिहिलेला आहे, चित्रं कितीही सुंदर असोत.

प्रसंगाच्या आतही निवडी असतात आणि त्यांतली 'थांबू या' ही जरूर एकदा घेऊन पाहा. पुष्कळ गेममध्ये तिथे सगळ्यात हळवा संवाद लिहिलेला असतो आणि रूट बंदही होत नाही. असे प्रसंग वगळायचं किंवा पडदा काळा करून पुढे जायचं बटण काही गेममध्ये असतं. ते वापरल्याने खूण लागते की नाही ते एकदा तपासा, कारण काही ठिकाणी वगळलेला प्रसंग न झालेला धरला जातो.

विकत घेण्याआधी आशयाचा इशारा वाचा आणि सगळी पात्रं प्रौढ असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते पाहा. जिथे ते लिहिलेलं नाही किंवा संदिग्ध आहे, तो गेम सोडून द्या. व्हीएनडीबी हा २००७ पासूनचा माहितीकोश यासाठी उपयोगी आहे. तिथे टॅगवरून आशय कळतो, रहस्यभेद करणारे टॅग लपवता येतात, आणि लांबीचा अंदाज मिळतो: दोन तासांच्या आतले अगदी छोटे, दोन ते दहा तासांचे छोटे, दहा ते तीस मध्यम, तीस ते पन्नास लांब, त्यापुढे अतिलांब. पहिला गेम दोन ते दहा तासांचा घ्या. त्यात सगळे रूट पुरे करता येतात आणि रचना हाताखालून जाते.

बऱ्याच गेमच्या दोन आवृत्त्या असतात, एक सर्वांसाठीची आणि एक अठरा वर्षांवरील. पहिलीवर पॅच, म्हणजे बदल करणारी जोडफाइल, चढवून दुसरी करायची असेल तर तो निर्मात्याच्याच अधिकृत पानावरून घ्या, गेमच्या आवृत्तीशी जुळवा, आणि नवी फेरी सुरू करण्याच्या आधी टाका. अर्ध्या रूटवर टाकला तर नव्या खुणा जुन्या सेव्हमध्ये नसतात आणि प्रसंग उघडत नाहीत. पॅचची फाइल बहुधा गेमच्या मुख्य फोल्डरमधल्या 'गेम' नावाच्या उपफोल्डरमध्ये जाते. चुकून बाहेर ठेवली की काहीच बदलत नाही आणि लोक पॅच खराब आहे असं समजतात. जपानी गेममध्ये चित्रांवर जाळी दिसली तर तो बिघाड नाही. तिथल्या दंडसंहितेच्या कलम १७५ मुळे ती घालतात. जुन्या जपानी गेममध्ये अक्षरं विचित्र दिसत असतील तर विंडोजची सिस्टिम लोकेल जपानी करावी लागते.

खाजगीपणासाठी काही गोष्टी आधीच करून ठेवा. स्टीम या गेमविक्रीच्या मंचावर गेम 'खाजगी' म्हणून नोंदवता येतो, मग मित्रांना तो दिसत नाही. एच दाबलं की संवादाची चौकट लपते आणि पूर्ण चित्र दिसतं, एस दाबलं की पडद्याचं चित्र गेमच्या फोल्डरमध्ये साठतं. नकळत एस दाबला गेला असेल तर ती चित्रं तिथून काढून टाका. संगीत, आवाज आणि संवादांचा आवाज यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, संवादांची आधी कमी करा.

अपडेट आणि गॅलरी

टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होणाऱ्या गेममध्ये नवी आवृत्ती आली की जुने सेव्ह कधी चालतात, कधी नाही. चालले तरी नव्याने घातलेल्या खुणा त्यांत कोऱ्या असतात. निर्मात्याने बदलांच्या यादीत नवी फेरी सुरू करायला सांगितलं असेल तर ऐका. वाचलेला मजकूरही बदलामुळे न वाचलेला ठरू शकतो, तेव्हा स्किप अधूनमधून अडखळलं तर वहीतली नोंद लगेच बदलू नका.

संगणक बदलताना फक्त सेव्ह उचलू नका. वाचलेल्या मजकुराची आणि गॅलरीची, म्हणजे पाहिलेल्या चित्रांच्या संग्रहाची, नोंद 'पर्सिस्टंट' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. विंडोजवर ती आणि सेव्ह दोन्ही ॲपडेटाच्या रोमिंगमधल्या रेनपाय फोल्डरमध्ये, गेमच्या नावाखाली सापडतात. पूर्ण फोल्डर नव्या संगणकावर न्या. अँड्रॉइडवर गेम काढून टाकला की सेव्हही जातात, म्हणून अपडेट जुन्यावरच चढवा.

गॅलरीत शेवटचं एखादं चित्र राहिलं असेल तर त्याच्या शेजारची चित्रं पाहा. ती साधारणपणे कथेच्या क्रमाने मांडलेली असतात, त्यामुळे हरवलेला प्रसंग कुठल्या दोन प्रसंगांच्या मधे आहे ते कळतं. त्या टप्प्याच्या आधीचा सेव्ह घ्या, आतापर्यंत कधीच न घेतलेला पर्याय वहीत शोधा, आणि स्किप चालू करा. तरीही सापडलं नाही तर ते चित्र वाईट शेवटाचं आहे असं धरा: त्या रूटमध्ये सगळ्या निवडी मुद्दाम तिच्या विरुद्ध घ्या. उरलेलं चित्र बहुधा तिथेच मिळतं.